सर्व्हर कारखान्यात, क्लाऊडवर की दोन्हीकडे? आधी डेटा मोजा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत वडिलांनी उभा केलेला फॅब्रिकेशनचा कारखाना, धरमपेठेत ऑफिस, चाकणला छोटा डेपो, सगळे मिळून बावीस कॉम्प्युटर. २०१६ मध्ये घेतलेला सर्व्हर रडतखडत चालतोय आणि त्यावर अजून विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. तुम्ही तीन कोटेशन घेतलीत. एक म्हणतो सगळं क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या मशीनवर टाका, दुसरा म्हणतो नवा सर्व्हर घ्या, तिसरा म्हणतो हायब्रीड, म्हणजे दोन्ही मिळून करा. तिघांचंही बोलणं पटतं, म्हणून नेमकं कोणतं चांगलं, असं तुम्ही विचारलंत.

मी एकोणीस वर्षं नागपूर आणि आसपासचे कारखाने, दवाखाने, घाऊक व्यापारी यांचे सर्व्हर सांभाळतोय. असा प्रश्न आला की मी आधी कोटेशन बाजूला ठेवायला सांगतो. डबा कुठे ठेवायचा, एवढंच त्या तिन्हींत लिहिलेलं असतं. उद्या सकाळी तो डबा बंद पडला तर तुमचं काम किती तास थांबलेलं चालेल, आणि आदल्या किती वेळाचं काम पुन्हा करायची तुमची तयारी आहे, हे त्यांच्यापैकी कोणी विचारलं का? तुमच्या लिहिण्यावरून तरी नाही वाटत. आणि हे दोन प्रश्न सबंध कंपनीला मिळून एकदा विचारून भागत नाही, डेटाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे विचारावे लागतात. ई-वे बिल निघत नसेल तर गाडी गेटवर उभी राहते, तिथे एक तासही जड जातो. २०१८ सालचं ड्रॉइंग दोन दिवस मिळालं नाही तर कोणाचं काही अडत नाही.

म्हणून आधी मोजा. तुमच्यासारख्याच एका कारखान्यात आम्ही असं बसून मोजलं होतं. मालक सांगत होते, दोन टीबी डेटा आहे. त्यातलं अर्ध्याहून जास्त सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग निघालं. ड्रॉइंगच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशा प्रतींवर प्रती निघाल्या. एका फोल्डरमध्ये कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ होता. ज्याच्यावाचून कंपनी एक दिवस चालणार नाही, तो हिशेबाचा डेटा होता फक्त ७ जीबी. त्यांना मिळालेलं क्लाऊडचं कोटेशन दोन टीबीचं होतं. मोजायला दोन दिवस गेले आणि निम्मा वाद तिथेच मिटला.

आता एक प्रसंग सांगतो, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यातून आलंय. काही वर्षांपूर्वी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या उन्हात, गांधीबागेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याचा सकाळी सव्वाआठला फोन आला. सर्व्हर दुकानाच्या माळ्यावर होता. लोखंडी जिना चढून गेलो तर वर पत्रा, खाली सर्व्हर आणि त्याच्याकडे तोंड करून लावलेला टेबल फॅन. स्क्रीनवर सगळ्या फायलींची नावं बदललेली, प्रत्येकीच्या शेवटी एकच अनोळखी शेपूट, आणि पैसे मागणारी चिठ्ठी. मी लगेच सर्व्हरच्या मागे बघितलं. बाहेरची हार्डडिस्क होती. तिच्यावर मुनीमजींच्या वळणदार अक्षरात कागद चिकटवलेला होता: ‘बॅकअप. काढू नये.’ ती कोणी कधी काढलीच नव्हती, त्यामुळे सर्व्हरबरोबर तीही लॉक झाली होती.

शेवटी सीए साहेबांकडे ऑडिटसाठी दिलेली ऑक्टोबरची प्रत सापडली. त्यानंतरच्या सात महिन्यांची विक्री जीएसटी पोर्टलवर भरलेल्या रिटर्नवरून जुळवली, खरेदी पुरवठादारांच्या बिलांवरून, आणि उधारीचे आकडे ग्राहकांना फोन करकरून. तीन माणसं सव्वा महिना तेच करत होती. शिरकाव कुठून झाला? घरून हिशेब बघता यावा म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ पोर्ट (सर्व्हरचं एक दार) थेट इंटरनेटवर उघडून ठेवला होता. हाच पोर्ट क्लाऊडवरच्या मशीनचा उघडा असता, तरी हेच झालं असतं. सर्व्हर माळ्यावर होता, हे त्यांच्या बुडण्याचं कारण नव्हतं. सर्व्हरपासून तोडून वेगळी ठेवलेली प्रत नव्हती, म्हणून ते बुडाले.

क्लाऊडवर टाकलं म्हणजे बॅकअप आपोआप झाला, हा समज मी रोज ऐकतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांनी बॅकअप वेगळा घेतला नव्हता किंवा त्याच आवारात ठेवला होता, त्यांचा डेटा गेला तो गेलाच. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरची खाजगी यंत्रणा सेटिंगमधल्या एका चुकीने पुसली गेली.  वेगळे ठेवलेले बॅकअप होते, म्हणून ते सावरले. त्यामुळे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या गावी, हा जुना नियम क्लाऊडवाल्यांनाही तितकाच लागू आहे. रेडचंही, म्हणजे एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याच्या सोयीचंही, तसंच. एक डिस्क जळाली तर रेड काम चालू ठेवतो, पण चुकून पुसलेली फाईल तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसतो.

‘वेगळ्या गावी’ हे मुद्दाम म्हटलं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊटपासून बर्डीपर्यंत पाणी घुसलं. त्या आठवड्यात माझ्याकडे पाण्यातून काढलेले सर्व्हर आले होते, एकाच्या पंख्यात गाळ वाळून दगड झाला होता. एका ग्राहकाची मूळ प्रत आणि बॅकअप दोन वेगळ्या ऑफिसांत होती, पण दोन्ही ऑफिसं तळमजल्यावर, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर. तुमचं धरमपेठेचं ऑफिस तळमजल्यावर असेल तर एकमेव बॅकअप तिथे ठेवू नका. चाकणचा डेपो किंवा क्लाऊड, दोन्ही चालतील.

आता तुमच्या कामाकडे येतो.

हिशेब आणि ईआरपी (खरेदी, साठा, विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) तुम्ही तीन ठिकाणांहून वापरता. हे क्लाऊडवर जावं, असं माझं मत आहे, पण कसं जातं ते महत्त्वाचं आहे. बरेच जण डेटा क्लाऊडवर ठेवतात आणि सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर, आणि मग सगळं गोगलगायीसारखं चालतं. कारण साधं आहे. एक रिपोर्ट उघडताना असं सॉफ्टवेअर डेटाबेसला हजारो छोटे प्रश्न विचारतं. समजा, दोन हजार. कारखान्याच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, एका फेरीला अर्धा मिलीसेकंद लागतो, म्हणजे एका सेकंदात काम झालं. क्लाऊडचं मशीन मुंबईत असेल आणि नागपूर-मुंबई जाऊन येऊन तीस मिलीसेकंद धरले तर तेच दोन हजार प्रश्न एक मिनिट खातात. इंटरनेटचा स्पीड वाढवून यात काही फरक पडत नाही, कारण वेळ अंतराला लागतोय. सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही क्लाऊडच्या एकाच मशीनवर ठेवायचे आणि आपण फक्त स्क्रीन बघायची, तीही व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या बंदिस्त खाजगी वाटेने) आणि ओटीपीसकट. किंवा मुळातच ब्राउझरवर चालणारं ईआरपी घ्यायचं. कोटेशन देणाऱ्याला हा एक प्रश्न विचारा, त्याला किती कळतं ते पाच मिनिटांत समजेल.

ड्रॉइंगचं उलटं आहे. ३०० एमबीची असेंब्ली (सगळे भाग जोडलेलं ड्रॉइंग) एक गिगाबिटच्या लॅनवर तीन-चार सेकंदांत उघडते. ५० एमबीपीएसच्या लाईनवरून तिला ४८ सेकंद लागतात, आणि तेही दुसरं कोणी लाईन वापरत नसेल तर. तुमच्याकडे डिझाईनला पाच जण आहेत. ते दिवसातून तीस-चाळीस वेळा फायली उघडतात आणि सेव्ह करतात. त्यांना असं थांबवून ठेवलंत तर आठवड्याभरात ते फायली आपापल्या डेस्कटॉपवर ठेवायला लागतील आणि मग बॅकअपबाहेर गेलेलं ड्रॉइंग तुम्हाला कधीच सापडणार नाही. मशीनला जाणारे सीएनसी प्रोग्रॅमही इथेच हवेत. रस्त्याच्या सिमेंटीकरणात केबल तुटली म्हणून प्लाझ्मा कटिंग थांबलं, असं होता कामा नये. म्हणून ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम कारखान्यातच, एका छोट्या सर्व्हरवर किंवा बऱ्यापैकी एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर. रोज रात्री त्यांची एक प्रत क्लाऊडच्या स्टोरेजवर जाईल, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत ती कोणालाही पुसता येणार नाही असं कुलूप तिला लावायचं. ही सोय मोठ्या क्लाऊड कंपन्यांकडे आहे, फक्त मागून घ्यावी लागते. पहिली प्रत चढायला वेळ लागेल. एक टीबीला २० एमबीपीएस अपलोडवर साडेचार दिवस लागतात, १०० एमबीपीएसवर साधारण बावीस तास. नंतर रोज फक्त बदललेलं जातं.

सीसीटीव्ही त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डरवरच राहू द्या, क्लाऊडवर नको. ईमेल मात्र क्लाऊडवरच. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं तुमच्या आकाराच्या कंपनीला परवडत नाही, यात मला काही शंका नाही.

म्हणजे माझं उत्तर हायब्रीडकडेच झुकतं. पण तिसऱ्या कोटेशनमध्ये ज्याला हायब्रीड म्हटलंय ते मला पटलं नाही. सगळा डेटा इथेही, तिथेही, आणि दोन्हीकडून बदल करता येणार. अशाने एक दिवस दोन वेगळी ड्रॉइंग दोन वेगळ्या ठिकाणी ‘ताजी’ असतात आणि जॉब चुकीच्या मापाचा कापला जातो. प्रत्येक प्रकारच्या डेटाचं घर एकच हवं. बाकीच्या जागी असतात त्या नुसत्या प्रती, त्यात कोणी हात घालायचा नाही.

आता कारखान्यात जो डबा राहील त्याच्याबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. सर्व्हरकडे येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, असं मानतात. छोट्या बंद खोलीत इन्व्हर्टर एसी लावा, आणि तो बंद पडला तर मोबाईलवर मेसेज येईल असा तापमानाचा सेन्सर. कृपा करून कूलर लावू नका. मी खसच्या ताट्यांचा कूलर सर्व्हरच्या खोलीत बघितलाय. ओली हवा आणि कारखान्यातली लोखंडी भुकटी एकत्र आली की मदरबोर्ड गंजतो. वेल्डिंग मशीन ज्या फेजवर आहेत त्या फेजवर सर्व्हर नको. अर्थिंग वेगळं करून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. लाईन गेल्यावर यूपीएसने फक्त वेळ देऊन उपयोग नाही, बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद झाला पाहिजे. त्यासाठी यूपीएस सर्व्हरला जोडणारी केबल लागते, आणि ती यूपीएसच्या खोक्यात बहुतेक वेळा न उघडलेल्या पिशवीत पडलेली असते.

आणि इंटरनेट. हिशेब क्लाऊडवर नेलात की दोन कंपन्यांच्या लाईन घ्याव्याच लागतील. दोन्ही केबल एकाच खांबावरून, एकाच नालीतून येत असतील तर त्या दोन नाहीत, एकच आहे. एक फायबर आणि दुसरी मोबाईल नेटवर्कवरची, आपोआप बदलणाऱ्या राऊटरसह, एवढं तुम्हाला पुरेल. करारात लाईन ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं लिहिलंय म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल, असा त्याचा अर्थ होतो. ९९.५ असेल तर जवळपास ४४ तास.

खर्चाची तुलना करताना पाच वर्षांचा हिशेब मांडा, नाहीतर नवा सर्व्हर नेहमी स्वस्तच दिसतो. ३०० वॅटचा सर्व्हर चोवीस तास चालला तर वर्षाला सुमारे २,६०० युनिट खातो, एसीचे वेगळे. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा. त्यात यूपीएसच्या बॅटऱ्या, विंडोजचं लायसन्स, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आणि पाचव्या वर्षी पुन्हा नवा सर्व्हर हे सगळं येतं. दुसरीकडे, क्लाऊडचं कोटेशनही अर्धवट असतं. डेटा आत नेताना पैसे लागत नाहीत, बाहेर काढताना लागतात. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रातून मी वापरलंय तेव्हा महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर जीबीमागे साधारण ११ सेंट लागायचे. वर १८ टक्के जीएसटी, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळेल, आणि बिल डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की बोजा तुमच्यावर. बचतीची एक मोठी जागा मात्र कोणी सांगत नाही: मशीनचं भाडं तासावर असतं. महिन्याचे ७३० तास होतात. तुमचं ऑफिस रोज दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस चालतं, म्हणजे २६० तास. रात्री आणि रविवारी मशीन आपोआप बंद ठेवलं तर त्याचं भाडं साधारण एकतृतीयांशावर येतं. स्टोरेजचं भाडं चालूच राहतं, पण ते कमी असतं. चोवीस तास चालणाऱ्या मशीनला हे लागू नाही, तिथे एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी देऊन दर उतरवून घ्यावा.

कायद्याचं थोडक्यात, नक्की काय ते तुमच्या सीएंना विचारून घ्या. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद बंद करता येऊ नये, हेही आलं. त्यामुळे क्लाऊड निवडताना मुंबई, पुणे, हैदराबाद अशी भारतातली जागा लेखी मागा. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं असतं आणि सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, हा २०२२ चा आदेश आहे. आणि तुमच्या मोठ्या ग्राहकांशी झालेले गोपनीयतेचे करार काढून वाचा. काहींमध्ये ड्रॉइंग तिसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर ठेवायला आधी परवानगी लागते.

माझं मत कशाने बदलेल, तेही सांगतो. डिझाईनला पाचाऐवजी एकच माणूस असता तर मी सगळंच क्लाऊडवर न्या म्हटलं असतं. हिंगण्यात तुमच्या प्लॉटवर दुसरी लाईन मिळतच नसेल, तर हिशेबही कारखान्यातच ठेवून इतरांना तिथे जोडून देईन. आणि सर्व्हरकडे बघायला रोज कोणी नसेल, म्हणजे बॅकअपचा लाल मेसेज आला तर तो वाचणारं नावानिशी कोणी नसेल, तर कारखान्यात काहीही ठेवायच्या आधी ते नाव ठरवा.

एक सूचना अगदी कळकळीने. क्लाऊडचं खातं, डोमेनचं नाव आणि मुख्य पासवर्ड कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाईलवर असू द्या. व्हेंडरला कामापुरती वेगळी परवानगी द्या. एका दवाखान्याचं सगळं खातं आधीच्या व्हेंडरच्या नावावर होतं. भांडण झालं आणि रुग्णांचे जुने रिपोर्ट मिळवायला त्यांना दोन महिने त्याच्या मागे फिरावं लागलं. करारात लिहून घ्या: काम सोडताना डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल.

सुरुवात कशी करायची? विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, त्यामुळे फार थांबू नका, पण मार्च एंडिंगच्या तोंडावरही हलवू नका. या आठवड्यात दोनच कामं करा. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा आहे का ते तपासून बंद करा. आणि आज जो काही बॅकअप आहे, तो एका रिकाम्या कॉम्प्युटरवर उतरवून, नेट काढून, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून कालची शेवटची एन्ट्री दिसते का ते तुमच्या अकाउंटंटसमोर बघा. किती तास लागले ते लिहून ठेवा. त्या आकड्याशिवाय कोटेशनवर सही करू नका.

त्यानंतर आधी ईमेल, मग ड्रॉइंगचा नवा डबा, आणि सगळ्यात शेवटी हिशेब, महिन्याचं रिटर्न भरून झाल्यावरच्या शनिवारी. हिशेब हलवल्यावर जुना सर्व्हर लगेच विकू नका. तीन महिने नेट काढून तसाच ठेवा. नंतर त्याच्या डिस्क काढून, तारीख घालून, कपाटात कुलूपबंद करा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीच्या वह्या आठ वर्षं सांभाळाव्या लागतात. जुन्या वर्षांचं काही नव्या जागी आलं नसेल, तर ते त्या डिस्कवरच सापडेल.